एका प्रश्नाची अनेक उत्तरे



भोपाळ शहरातून रायसेनकडे जाणाऱ्या रस्त्यावर, पिपलानीच्या पुढे, आनंद नगर नावाची वस्ती लागते. नावाप्रमाणे ती सदैव आनंदी असते असे मी म्हणणार नाही. परंतु तेथे जितक्या भाषा कानी पडतात तितक्या आपल्या गावांत क्वचितच पडत असतील. त्यास कारणही तसेच आहे. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली, तोवर जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी असलेले नागपूर मागे पडले आणि भोपाळला राजधानीचा मान मिळाला. कचेऱ्यांबरोबर कित्येक मराठी कुटुंबे तिकडून इकडे आली. त्याच वर्षी हेवी इलेक्ट्रिकल्स या सरकारी कंपनीची स्थापना झाली, आणि तिच्या भोपाळच्या कारखान्याभोवती पिपलानी, बरखेडा, गोविंदपुरा या वसाहती वाढत गेल्या. केरळ, आजचे झारखंड, महाराष्ट्र, बंगाल अशा अनेक प्रांतांतील माणसे पोटासाठी येथे आली व येथलीच झाली. २०११ च्या जनगणनेत मध्य प्रदेशात मराठी ही आपली मातृभाषा असल्याचे सांगणाऱ्यांची संख्या बारा लाखांहून अधिक भरली.

या वस्तीत मी नवाच आलो होतो तेव्हाची ही हकीकत. ती एका चुकीची आहे, आणि ती चूक माझीच आहे.

कुटुंबांची जुनी नोंदवही जीर्ण झाली होती. ती संगणकावर उतरवावी असे ठरले. कॉमर्स शिकणारा एक हुशार तरुण मदतीस आला. त्याने एक्सेल या स्प्रेडशीटमध्ये, म्हणजे आडव्या ओळी व उभे रकाने आखलेल्या त्या अफाट कागदावर, एक सुबक फॉर्म बेतला. नाव लिहावे, पत्ता लिहावा, यादीतून योग्य ती नोंद निवडावी आणि बटण दाबावे, की सारी माहिती आपापल्या रकान्यात जाऊन बसे. हे काम करणाऱ्या आज्ञांच्या मालिकेस मॅक्रो म्हणतात. आपण बाजारास जाणाऱ्या मुलास सांगतो ना, आधी गिरणीत जा, मग किराणा आण, शेवटी टपाल टाक. तशाच क्रमवार आज्ञा मॅक्रोमध्ये लिहून ठेवलेल्या असतात. फरक इतकाच, की मुलगा आपल्या मनाने विचार करतो. मॅक्रो तसे करीत नाही.

फॉर्मवर मी एक प्रश्न घातला: “घरातील भाषा कोणती?” त्याखाली आठ भाषांची यादी दिली. त्यांपैकी एकच भाषा निवडता येत असे. दुसरीवर बोट ठेवले, की पहिलीवरची खूण आपोआप पुसली जाई. जुन्या रेडिओ संचाची बटणे ज्यांना आठवत असतील त्यांना हे चटकन समजेल. एक कळ दाबली की आधी दाबलेली कळ वर येई. दोन्ही एकदम खाली राहत नसत.

त्या सुमारास एक वृद्ध आजी आजारी पडल्या. त्या मूळच्या वसई भागातील. घरी सामवेदी बोलीत वाढलेल्या, शाळेत मराठी शिकलेल्या, आणि लग्न होऊन भोपाळास आल्यावर चाळीसहून अधिक वर्षे शेजारपाजारी हिंदी बोललेल्या. फॉर्म त्यांच्या मुलाने भरला होता. त्याची मुले हिंदी बोलतात, म्हणून त्याने यादीतून ‘हिंदी’ निवडली. त्यात त्याचे काय चुकले? त्याला एकच उत्तर देण्याची मुभा होती, आणि त्याने खरे तेच उत्तर दिले.

आजाऱ्यांच्या भेटी आम्ही त्या नोंदीवरून वाटून घेतल्या. आजींकडे एक हिंदीभाषक सहकारी गेले. त्यांनी प्रेमाने विचारपूस केली, प्रार्थना केली. आजींना पापनिवेदन करावयाचे होते, ते मात्र होऊ शकले नाही. पुढे कित्येक दिवसांनी माझी सहज भेट झाली तेव्हा माझे मराठी ऐकून त्या उठून बसल्या. म्हणाल्या, “फादर, तुम्ही आपल्याकडचे, इतके जवळ राहता, आणि मला ठाऊकही नाही! हिंदीत बाजार करता येतो हो, पण मन मोकळं करता येत नाही.”

घरापासून दहा मिनिटांच्या वाटेवर मी राहत होतो. माझ्या संगणकात त्यांचे नाव होते, पत्ता होता, वय होते. मराठी मात्र नव्हती. ती कोणी विसरले नव्हते. ती लिहावयास मी जागाच ठेवली नव्हती.

त्या तरुणास बोलावून मी म्हटले, “बाळा, एकाहून अधिक भाषा निवडता आल्या पाहिजेत.” तो म्हणाला, “सोपं आहे, फादर. एक गुणधर्म तेवढा बदलायचा.” तो अगदीच चुकला नव्हता. परंतु ते ‘सोपे’ काम नीट होईपर्यंत आम्हांस चार-पाच ठेचा लागल्या. आज आपल्या गावांतील पतपेढीत, शाळेत, बचत गटात, चर्चच्या कचेरीत आपलीच मुलेमुली असे फॉर्म बनवितात. त्यांचे श्रम वाचावेत म्हणून त्या ठेचा क्रमाने सांगतो.

फॉर्मवरील यादीच्या चौकटीस लिस्टबॉक्स म्हणतात. तिच्या गुणधर्मांत मल्टिसिलेक्ट नावाचा एक गुणधर्म असतो व त्याचे तीन प्रकार असतात. पहिल्यात एकच ओळ निवडता येते. मुळात चौकट तशीच मिळते. दुसऱ्यात प्रत्येक ओळीवर टिचकी मारली की खूण होते, पुन्हा मारली की खूण जाते. तिसऱ्यात शिफ्ट किंवा कंट्रोल ही कळ दाबून धरून अनेक ओळी निवडाव्या लागतात. कचेरीतील सराईत माणसास तिसरा प्रकार सोयीचा वाटतो. पण रविवारी मिस्सानंतर घाईने फॉर्म भरणाऱ्या सामान्य माणसासाठी दुसराच उत्तम. त्यासोबत लिस्टस्टाइल या गुणधर्मात ‘ऑप्शन’ हा प्रकार निवडला, तर प्रत्येक ओळीपुढे छोटी चौकोनी खूणचौकट दिसू लागते. ती पाहताच, येथे अनेक उत्तरे चालतात हे न सांगता कळते.

आम्ही दुसरा प्रकार निवडला व पुढील रविवारी फॉर्म लोकांपुढे ठेवला. लोकांनी आवडीने दोन-दोन, तीन-तीन भाषांवर खुणा केल्या. सायंकाळी कागद उघडून पाहतो तो भाषेचा सारा रकाना कोरा! कारण असे, की मॅक्रोमध्ये जुनीच आज्ञा राहिली होती: यादीचे ‘व्हॅल्यू’, म्हणजे निवडलेले मूल्य, उचल आणि रकान्यात लिही. एकच ओळ निवडता येत होती तोवर हे ठीक होते. अनेक ओळींची मुभा दिल्यावर मात्र ‘व्हॅल्यू’ला काही अर्थ उरत नाही, ते ‘नल’ म्हणजे रिक्त होते. चार माणसे एकदम बोलू लागली असता “काय म्हणालात ते एका शब्दात सांगा” असे विचारल्यासारखेच ते झाले. आणि रिक्त मूल्य रकान्यात लिहिले, तर संगणक तक्रार न करता रकाना कोरा सोडतो. त्यानेच आमचा घात केला. तक्रार केली असती तर पहिल्याच कुटुंबापाशी आम्ही थांबलो असतो.

दुसऱ्या प्रयत्नात त्याने ‘लिस्टइंडेक्स’ म्हणजे ओळीचा क्रमांक घेतला. आता रकाने भरू लागले, म्हणून आम्ही आनंदलो. तो आनंद पहिल्याहूनही घातक होता. अनेक निवडींच्या यादीत हा क्रमांक केवळ शेवटी जिच्यावर बोट पडले त्या ओळीचा असतो. तिच्यावर खूण आहे की नाही याच्याशी त्याला कर्तव्य नसते. कोणी मराठी व हिंदीवर खूण केली, चुकून बंगालीवर टिचकी मारली व ती लगेच मागे घेतली, तर नोंद होई ती बंगालीची! कोरा रकाना निदान आपली उणीव उघड करतो. चुकीने भरलेला रकाना ती झाकून ठेवतो.

खरा मार्ग तिसरा, आणि तो आपल्या जुन्या गुरुजींच्या हजेरीसारखा आहे. गुरुजी वर्गाकडे पाहून “कोण आले आहे?” असे एकदाच विचारीत नसत. ते एकेक नाव घेत व उत्तर ऐकून खूण करीत. मॅक्रोनेही तेच करावे. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत जावे, प्रत्येक ओळीस ‘सिलेक्टेड’ म्हणजे निवडलेली आहेस काय असे विचारावे, आणि होकार आला तरच ‘लिस्ट’मधून त्या ओळीचा मजकूर उचलावा. यात एकच पथ्य आहे. ही चौकट आपल्या ओळी शून्यापासून मोजते. आठ भाषांच्या यादीत पहिली ओळ शून्य क्रमांकाची व शेवटची सात क्रमांकाची. एकूण ओळींची संख्या ‘लिस्टकाउंट’ सांगते. म्हणून फेरी शून्यापासून लिस्टकाउंट वजा एकपर्यंत न्यावी. एकापासून आरंभ केला तर पहिली भाषा कायमची गैरहजर राहते. आठपर्यंत गेलो तर नसलेल्या ओळीपाशी मॅक्रो अडखळतो. आमच्या यादीत पहिली भाषा मराठी होती, हे लक्षात घ्यावे.

यानंतर दोन बारीक गोष्टी उरतात. नोंद झाल्यावर खुणा पुसाव्या लागतात. फॉर्म बंद न करता पुढील कुटुंबास दिला, तर आधीच्या कुटुंबाच्या खुणा तशाच राहतात आणि शेजारच्यांची मल्याळम आपल्या नावावर चढते. याउलट, जुनी नोंद दुरुस्तीसाठी पुन्हा उघडली तर पूर्वीच्या खुणा फॉर्मवर आधी परत उमटवाव्या लागतात. तसे न करता कोणी केवळ फोन क्रमांक बदलून बटण दाबले, तर त्याच्या भाषांची जागा कोऱ्या यादीने घेतली जाते. पुसणे व उमटवणे या दोन्ही कामांसाठी तीच हजेरीची फेरी उपयोगी पडते. एकदा प्रत्येक ओळीस ‘नाही’ म्हणावयाचे, एकदा जेथे हवे तेथे ‘होय’. शिवाय एकही खूण नसेल तर नोंद करण्यापूर्वी फॉर्मने विचारावे, “आपण एकही भाषा निवडलेली नाही, राहून गेली काय?” विचारलेच नाही, आणि विचारले पण उत्तर ‘काही नाही’ आले, या दोन गोष्टी भिन्न आहेत.

आता उचललेली उत्तरे ठेवावी कोठे? प्रथम आम्ही ती स्वल्पविराम देऊन एकाच रकान्यात ठेवली: ‘मराठी, हिंदी’. वाचावयास छान, मोजावयास वाईट. संगणकाच्या दृष्टीने ‘मराठी’ वेगळी, ‘मराठी, हिंदी’ वेगळी आणि ‘हिंदी, मराठी’ आणखी वेगळी. शब्दाचा तुकडा शोधून मोजावे म्हटले, तर त्यातही धोका. झारखंडातील आदिवासी बांधवांची ‘हो’ नावाची एक भाषा आहे. भाषांची नावे रोमन लिपीत लिहिली, तर ‘हो’ची दोन अक्षरे ‘भोजपुरी’च्या पोटात सापडतात आणि सारे भोजपुरी लोक हो-भाषक ठरतात!

म्हणून प्रत्येक भाषेस स्वतंत्र रकाना द्यावा व खूण असेल तेथे १ लिहावा. रकान्याची बेरीज केली की त्या भाषेची घरे मोजली गेली. यादी फार लांब असेल तर दुसरा कागद घेऊन प्रत्येक निवडीस एक ओळ द्यावी. त्यात कुटुंबाचा क्रमांक व एक भाषा, एवढेच. मात्र सर्व भाषांची बेरीज कुटुंबांच्या संख्येहून अधिक येईल. ती पाहून कोणी कुटुंबे वाढली असे समजू नये.

ज्यांच्याकडे एक्सेल नाही त्यांनी निराश होऊ नये. लिबरऑफिस हा स्प्रेडशीटचा संच विनामूल्य मिळतो व त्यातही असे फॉर्म करता येतात. परंतु अनोळखी ठिकाणाहून आलेल्या फाइलमधील मॅक्रो कोणीही चालू करू नये. त्यातून संगणकास अपाय होऊ शकतो. म्हणूनच २०२२ सालापासून मायक्रोसॉफ्टने इंटरनेटवरून आलेल्या फाइलींतील मॅक्रो आपण होऊन रोखण्यास आरंभ केला. तसेच माणसांची माहिती ही आपल्याकडे ठेव असते. तिच्या फाइलीस परवलीचा शब्द असावा.

आमच्या या लहानशा प्रकरणातील अडचण मोठमोठ्या राष्ट्रांनाही चुकलेली नाही. अमेरिकेच्या जनगणनेत वंशाविषयीच्या प्रश्नास एकाहून अधिक उत्तरांची मुभा प्रथम २००० साली मिळाली. त्या वर्षी सुमारे ६८ लाख लोकांनी, म्हणजे शेकडा २.४ जणांनी, एकाहून अधिक वंश नोंदविले. ही माणसे काही त्याच वर्षी जन्मास आली नव्हती. आई एका वंशाची व बाप दुसऱ्या वंशाचा अशी मुले तोवर कागदावर दोघांपैकी एकाचीच राहत होती. आपल्या देशाची जनगणना मातृभाषा एकच विचारते, पण तिच्याखेरीज येणाऱ्या आणखी दोन भाषांस जागा देते. त्या जागेमुळेच २०११ साली समजले, की सुमारे शेकडा २६ भारतीयांस दोन भाषा येतात व सुमारे शेकडा ७ जणांस तीन.

प्रश्न विचारण्याच्या पद्धतीनेही उत्तरे बदलतात. वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठातील संशोधकांनी २००६ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. “लागू असतील त्या सर्वांवर खूण करा” असे एकदाच सांगण्याऐवजी प्रत्येक गोष्टीस स्वतंत्र ‘होय’ की ‘नाही’ असे विचारले, तर लोक अधिक गोष्टींना होकार देतात असे त्यांना आढळले. कारण प्रत्येक ओळीपाशी थांबून विचार करावा लागतो. म्हणून आम्ही आता फॉर्म नुसता पुढे सरकवीत नाही. एक स्वयंसेविका शेजारी बसून यादी वाचते: “मराठी? हिंदी? मल्याळम? घरात आजी-आजोबा कोणत्या भाषेत बोलतात?” या शेवटच्या प्रश्नाने जे हाती आले ते कोणत्याही मॅक्रोने दिले नसते.

सर्वच प्रश्नांस अनेक उत्तरे द्यावीत असे माझे म्हणणे नाही. जन्मतारीख एकच, रक्तगट एकच, बाप्तिस्म्याचा दिवस एकच. तेथे यादी एकच निवड मागते ते योग्यच आहे. परंतु येणाऱ्या भाषा, जडलेले आजार, हाती असलेले कसब यांचे तसे नाही. वीजजोडणी करणारा माणूस रुग्णास धीरही देऊ शकतो. शिवणकाम करणारी बाई मुलांस गणितही शिकवू शकते. मधुमेह आहे म्हणून रक्तदाब नाही असे होत नाही. ज्या गोष्टी माणसात एकत्र नांदतात त्यांतून एकच निवडावयास लावणे म्हणजे त्याच्याकडून अर्धे सत्य लिहवून घेणे होय. म्हणून फॉर्म आखणाऱ्याने प्रत्येक यादीपाशी स्वतःस आधी हे विचारावे, की ही उत्तरे एकमेकांस वगळतात की एकत्र राहू शकतात? मॅक्रो त्यानंतर लिहावा.

आणि फॉर्म भरणारे आपण! पतपेढीत असो, दवाखान्यात असो, शाळेत असो, आपल्या उत्तरास जागा पुरत नसेल तर निमूटपणे एकावर खूण करून उठू नये. “माझी उत्तरे दोन आहेत,” असे सांगावे. सांगितल्यावाचून समोरच्यास ते कळणार नाही. मला कळले नव्हते.

नव्या नोंदीत आनंद नगर व आसपासची मराठी समजणारी घरे माझ्या अंदाजाहून बरीच अधिक निघाली. आता आजाऱ्यांच्या भेटी ठरविताना मराठीचा रकाना आधी पाहिला जातो. आजी अजून अंथरुणालाच आहेत. दर पंधरवड्यास मी त्यांच्याकडे जातो. त्यांचे पापनिवेदन झाल्यावर त्या मला वसईच्या केळीच्या वाड्यांविषयी सांगतात, आणि बोलण्याच्या भरात केव्हा मराठी सोडून आपल्या सामवेदीत शिरतात ते त्यांना समजतही नाही.

ती बोली आमच्या आठ भाषांच्या यादीत नव्हती. गेल्या महिन्यात नववी ओळ म्हणून ती घातली आहे.